काळी पडलेली लक्ष्मी घासावी का?

पत्राचा सारांश

चिपळूणच्या एका ताईंचं पत्र आहे. ओळख पटेल असा तपशील गाळला आहे.

सासरे गेल्या वर्षी गेले. त्यांच्या ट्रंकेत एक पितळी डबा निघाला. आत साठेक नाणी आहेत: बरेचसे राणीछाप आणि राजाछाप चांदीचे रुपये, थोडे ढब्बू पैसे, भोकाचे पैसे आणि काही शिवराया, म्हणजे शिवाजी महाराजांच्या नावाची तांब्याची जुनी नाणी. २०२१ च्या पुरात ट्रंकेत पाणी शिरलं होतं, त्यामुळे काही नाण्यांवर चिखल वाळून बसला आहे. काही नाणी सासऱ्यांनी प्लास्टिकच्या खिशांच्या अल्बममध्ये ठेवली होती, त्यांच्यावर हिरवट चिकट थर आलाय. सासूबाईंचं म्हणणं, "काळी लक्ष्मी पूजेत मांडायची नाही, आमसुलानं घासून लख्ख करा." पुतण्यानं मोबाइलवर बघून दोन शिवराया लिंबू आणि पितांबरीनं घासल्यासुद्धा. त्या आता गुलाबी दिसतात. बाकीची नाणीही अशी चमकवली की लाखांत जातील, असं तो म्हणतो. अमेरिकेतले दीर म्हणतात, पुढच्या खेपेला दहा-बारा नाणी मी घेऊन जातो. ताई विचारतात, "घासू की नको? घासायची तर कशानं? दिवाळी तोंडावर आलीय."

उत्तर

ताई, पुतण्याच्या हातातली पितांबरी आधी काढून घ्या. बाकीचं सगळं सावकाश बोलता येईल.

तुमच्या पत्रात एक गोष्ट तुम्ही, सासूबाई आणि पुतण्या तिघांनी गृहीत धरली आहे. नाणं काळं म्हणजे ते घाण झालंय, आणि चमकलं की त्याचा मान किंवा किंमत वाढते. भांड्यांच्या बाबतीत हे खरं आहे. तांब्याचा तांब्या आमसुलानं घासला की तो पुन्हा नवा होतो, कारण त्याच्यावर वाचण्यासारखं काही नसतं. नाण्यावर असतं, आणि ते सगळं वरच्या अगदी पातळ थरात असतं.

चांदीवरचा काळेपणा वरून येऊन बसलेला मळ नव्हे. हवेतल्या गंधकाच्या संयुगांशी चांदीचा संयोग होतो आणि पृष्ठभागावर सिल्व्हर सल्फाइडचा थर तयार होतो. म्हणजे तो काळा थर नाण्याच्या स्वतःच्याच चांदीचा बनलेला आहे. तो घासून काढला की तेवढी चांदी गेली. शिवराईवरचा चॉकलेटी रंगही तसाच, तांबं आणि ऑक्सिजन मिळून शतकांत तयार झालेला. खालच्या धातूला तो थर पुढच्या झिजेपासून बऱ्यापैकी वाचवतो. संग्राहक त्यालाच पॅटिना म्हणतात आणि त्याचे पैसे मोजतात.

पुतण्यानं घासलेली एक शिवराई आणि न घासलेली एक शेजारी ठेवा आणि साधं भिंग घेऊन बघा. एका बाजूला तीन ओळींत "श्री राजा शिव" आणि दुसऱ्या बाजूला "छत्रपति" अशी अक्षरं असतात, भोवती ठिपक्यांची वर्तुळाकार किनार असते. नाणं हातानं ठोकलेलं. ठसा मोठा आणि तांब्याची चकती लहान, म्हणून कडेची अक्षरं बहुतेक वेळा अर्धीच उमटलेली असतात. शिवाय सगळ्या शिवराया सारख्या नाहीत. कुठे "शिव", कुठे "सिव", कुठे वेलांटी दीर्घ, कुठे अक्षराचं वळण वेगळं. महाराजांच्या राज्याभिषेकानंतर सुरू झालेलं हे नाणं पुढे पेशवाईतही पाडलं जात राहिलं. दुदांडी शिवराई म्हणतात ती त्या नंतरच्या काळातली. कुठली शिवराई कधीची, हे अभ्यासक या वेलांट्यांवरून आणि ठिपक्यांवरून ठरवतात. घासलेल्या नाण्यावर अक्षरांच्या कडा गोलसर झालेल्या दिसतील, खोलगट जागी काळं तसंच असेल आणि सपाट भागावर एकाच दिशेनं गेलेले केसासारखे ओरखडे दिसतील. ते ओरखडे कशानंही जात नाहीत.

रुपयांचंही तेच. १९११ चा पंचम जॉर्जचा रुपया डब्यात असेल तर तो वेगळा काढा. राजाच्या अंगावरच्या हारात एक बारीकसा हत्ती आहे. तो डुकरासारखा दिसतो म्हणून तेव्हा इतकी ओरड झाली की १९१२ पासून त्याचं चित्र बदललं आणि आधीचे बरेचसे रुपये वितळवले गेले. हा हत्ती नाण्याच्या उंच भागावर आहे, म्हणजे फडकं किंवा टूथपेस्ट लागली की पहिल्यांदा तोच जातो. काट्याच्या बाजूला खाली कमळाजवळ बारीक टिंब असेल तर रुपया मुंबईच्या टाकसाळीतला, नसेल तर कलकत्त्याचा. हे टिंबही घासणारा माणूस घालवू शकतो. मग नाणं कुठलं, हे सांगायला काही उरत नाही.

आता पुतण्याच्या लाखांबद्दल. १८३५ ते १९३९ मधल्या या रुपयाचं वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे एक तोळा. त्यात ९१.७ टक्के चांदी असते, म्हणजे साडेदहा ग्रॅमच्या थोडी वर. भरपूर वापरलेला, गुळगुळीत झालेला १९१८ चा रुपया कोट्यवधींनी पाडला गेलेला आहे. त्याची किंमत चांदीच्या भावाच्या आसपासच फिरते. सराफ तो वजनावर घेईल आणि तिथे काळा की पांढरा यानं काही फरक पडत नाही. संग्राहक मात्र फरक पाहतो, आणि पुतण्याला वाटतं त्याच्या उलट दिशेनं पाहतो. नाण्याची प्रत ठरवणाऱ्या परदेशी ग्रेडिंग कंपन्या, एनजीसी किंवा पीसीजीएससारख्या, नाणं घासल्याचं दिसलं की त्याला ७० पैकी गुण देतच नाहीत. "डिटेल्स" असा शेरा मारून "साफ केलेलं" असं लिहून परत पाठवतात. म्हणजे साधा रुपया घासून फायदा नाही आणि चांगला रुपया घासून तोटाच. मोबाइलवर "हे नाणं असेल तर लाखो रुपये मिळवा" म्हणणारे जे असतात त्यांच्याबद्दल रिझर्व्ह बँकेनं २०२१ मध्ये जाहीर सावधगिरीची सूचना काढली होती. कुणी नाणं घेण्याआधी कमिशन, कर किंवा नोंदणीचे पैसे मागितले तर फोन ठेवून द्या. पुतण्यालाही हे सांगा, त्याच्याच मोबाइलवर.

एवढं म्हटल्यावर तुम्हाला वाटेल की मग हात लावायचाच नाही. तसंही नाही. तुमच्या डब्यात तीन वेगळे प्रश्न मिसळले आहेत: पुराचा चिखल, प्लास्टिकचा चिकट थर आणि धातूचा स्वतःचा रंग. पहिले दोन काढायचे आहेत. तिसऱ्याला हात लावायचा नाही.

सुरुवात फोटोंनी करा. खिडकीच्या उजेडात प्रत्येक नाण्याच्या दोन्ही बाजू टिपा, सोनारांकडे असतो तसा छोटा काटा मिळाला तर वजन लिहा. मेजावर जाड टॉवेल अंथरा आणि नाणं कडेनंच धरा. बोटांच्या घामातलं मीठ धातूवर काम करत राहतं. चमकदार नाण्यावरचा अंगठ्याचा ठसा काही महिन्यांनी कायमचा डाग होतो. मी खूप संग्रह पाहिले आहेत ज्यांच्यावर मालकाचा अंगठा राजाच्या गालावर उमटलेला आहे.

चिखलासाठी डिस्टिल्ड वॉटर घ्या. नळाच्या पाण्यात क्लोरीन आणि क्षार असतात, त्याचे डाग पडतात. काचेच्या पसरट भांड्यात नाणी एकमेकांना न लागता ठेवा, पाणी रोज बदला आणि दोन-चार दिवस वाट बघा. चांदी आणि तांबं वेगवेगळ्या भांड्यांत. चिखल मऊ होऊन आपोआप सुटू लागतो. राहिलेला पाण्याच्या बारीक धारेनं किंवा ओल्या कापसाच्या बोळ्यानं टिपून काढा, पण बोळा घासायचा नाही. चिखलात वाळूचे कण असतात. बोळ्याखाली एक कण आला तरी तो राणीच्या चेहऱ्यावरून रेघ ओढत जातो. म्हणून घाई असेल तर न केलेलं बरं. बाहेर काढल्यावर सुती कापडात हलकेच दाबून टिपा आणि ओलावा पूर्ण जाईपर्यंत दिव्याखाली ठेवा. तांब्याच्या बाबतीत हे फार महत्त्वाचं आहे.

हिरवट चिकट थराचं प्रकरण वेगळं. ते अल्बमचं काम आहे. जे मऊ प्लास्टिक नव्या रेनकोटसारखं वास मारतं ते पीव्हीसी. काही वर्षांत त्यातलं तेलकट द्रव्य बाहेर येतं आणि धातूवर आम्लासारखं चढतं. इथे थांबून चालत नाही, कारण ते धातू खात राहतं. आजच सगळी नाणी अल्बममधून काढा. हा थर काढायला शुद्ध ॲसिटोन लागतं. प्रयोगशाळेला माल पुरवणाऱ्या दुकानात मिळतं. नेलपॉलिश रिमूव्हर चालणार नाही, त्यात रंग, तेल आणि सुगंध असतात. काचेच्या झाकणाच्या बरणीत नाणं बुडवून ठेवा, थोड्या वेळानं दुसऱ्या स्वच्छ ॲसिटोनमध्ये बुडवा आणि वाळू द्या. ॲसिटोन चिकट सेंद्रिय थर विरघळवतं आणि चांदीच्या रंगाला काही करत नाही. मात्र ते भयंकर ज्वालाग्राही आहे. हे काम स्वयंपाकघरात, देवघराजवळ किंवा उदबत्ती पेटलेली असताना करायचं नाही. खिडक्या उघड्या ठेवून, मुलांना बाजूला ठेवून, पडवीत बसून करा.

सगळं हिरवं एकसारखं नसतं, हेही सांगायला हवं. शिवराईवर गुळगुळीत, कठीण, गडद हिरवा थर असेल तर तो स्थिर आहे, त्याला हात लावू नका. फिकट हिरवी, पिठूळ भुकटी असेल आणि टिपल्यावर ती काही दिवसांत पुन्हा आली, तर नाण्यात क्लोराइड बसलंय. याला संग्राहक आणि संवर्धक, म्हणजे जुन्या वस्तू जपणारे तज्ज्ञ, ब्राँझ डिसीज म्हणतात. ओलाव्यानं त्यातून आम्ल तयार होतं, ते तांबं खातं, त्यातून पुन्हा क्लोराइड, असं चक्र सुरू राहतं. कोकणातली दमट खारी हवा आणि पुराचं पाणी, दोन्ही त्याला पोषक. लाकडी दातकोरण्यानं भिंगाखाली अलगद टोचून बघा. भुकटी होऊन सुटलं तर ते नाणं कोरड्या डबीत, ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुडीसकट बाकीच्यांपासून दूर ठेवा आणि संवर्धकाला दाखवा. घरच्या प्रयोगांनी हा रोग जात नाही.

सासूबाईंकडे वळते. त्यांचं म्हणणं चुकीचं आहे असं मला वाटत नाही. वर्षातून एकदा लक्ष्मी मांडायची तर ती स्वच्छ हवी, ही भावना मला समजते. (तशी पिढ्यान्‌पिढ्या आपण लक्ष्मी म्हणून पूजा केली ती व्हिक्टोरिया राणीची, पण हा विषय सासूबाईंपाशी काढू नका.) प्रश्न एवढाच की साठच्या साठ नाणी पूजेत कशाला? फोटो काढताना जे रुपये अगदी झिजलेले दिसतील, ज्यांचा चेहरा गुळगुळीत झालाय, साल साधं आहे, त्यांच्यातले पाच-सात वेगळे काढा. कुणा जाणकाराला एकदा दाखवून मग ते पूजेचे म्हणून कायमचे ठरवा. कोमट पाणी आणि दोन थेंब सौम्य साबण, बोटांनी हलकं चोळून, धुऊन, टिपून. तरी काळे वाटले तर चांदीच्या भांड्यांसाठी वापरता तेच यांना वापरा, माझी हरकत नाही. त्यांचं काम आता तेवढंच आहे आणि ते मानाचं काम आहे. पंचामृत मात्र नको, दह्यातलं आम्ल आणि मध दोन्ही खाचांत राहतात. हळदी-कुंकू वाहिलंत तर पूजा उचलल्यावर त्याच दिवशी धुऊन काढा. सासूबाईंना हे सांगताना "नाणं खराब होतं" असं म्हणू नका. "मामंजींनी इतकी वर्षं जशी ठेवली तशी ठेवूया, पूजेची वेगळी करूया" असं म्हणा. मला वाटतं त्या ऐकतील.

आमसूल, चिंच, लिंबू यांच्याबद्दल एक शब्द, कारण ही पत्रं मला नेहमी येतात आणि प्रत्येकाकडे आजीची एक कृती असते. ही सगळी आम्लं आहेत. तांब्यावरचा थर ती विरघळवतात आणि खालचं कच्चं गुलाबी तांबं उघडं पाडतात, ते मग आधीपेक्षा लवकर आणि ठिपक्या-ठिपक्यांनी काळं पडतं. टूथपेस्ट आणि राख घासून काढतात. ॲल्युमिनियम फॉइल, मीठ आणि खायचा सोडा यांचा प्रयोग रसायनशास्त्राच्या दृष्टीनं हुशार आहे, काळ्या थरातली चांदी तो परत देतो, पण ती निस्तेज पांढरी बसते आणि जाणकाराला दोन फुटांवरून कळते. बाजारातल्या सिल्व्हर डिपमध्ये, म्हणजे चांदी बुडवून चमकवायच्या द्रावणात, आम्ल आणि थायोयुरिया नावाचं रसायन असतं. अनुभवी माणूस ते काही सेकंद वापरतो आणि कुठे थांबायचं हे त्याला कळतं. नवख्या हातात ते नाण्याची मूळ झळाळी नेतं. ही झळाळी म्हणजे नवं नाणं दिव्याखाली फिरवलं की त्यावर गोल फिरणारा प्रकाशाचा पट्टा. ठसा पडताना धातू बाहेरच्या दिशेनं वाहतो, त्याच्या सूक्ष्म रेषांमुळे तो दिसतो. एकदा गेला की कोणी परत आणू शकत नाही.

डब्यात १९४० ते १९४५ मधले षष्ठम जॉर्जचे रुपये असतील तर त्यांना फसू नका. महायुद्धात चांदी कमी पडली म्हणून त्यात चांदी निम्मीच आहे, उरलेलं बहुतेक तांबं आणि थोडं निकेल, जस्त. ते मळकट दिसतात म्हणून लोक खोटे समजतात किंवा दुप्पट जोरानं घासतात. आम्ल लागलं तर त्यातलं तांबं आधी बाहेर पडतं. आणि १९३९ चा रुपया सापडला तर आनंदानं ओरडण्याआधी शांत राहा: तो खरंच दुर्मिळ आहे, म्हणून त्याचे बनावट नमुनेही पुष्कळ आहेत. न घासलेल्या नाण्यावर खरं-खोटं ओळखणं सोपं जातं.

दीर अमेरिकेला नेणार म्हणतात त्याला सरळ नकार द्या आणि त्यात वाईटपणा तुमच्याकडे येऊ देऊ नका. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनं नाणं ही पुरावस्तू आहे आणि ती खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. शिवराया, राणीछाप सगळे आणि पंचम जॉर्जचे बरेचसे रुपये यात येतात. विमानतळावर बॅगेत सापडले तर आठवण राहील ती वेगळीच. त्यांना फोटोंचा संच पाठवा. त्यांच्या वाटणीची नाणी त्यांच्या नावानं इथेच पाकिटात राहू द्या.

ठेवायचं कसं: पितळी डबा आठवण म्हणून ठेवा, पण नाणी त्यात खुळखुळू देऊ नका. प्रत्येकाला आम्लविरहित कागदाचं छोटं पाकीट, किंवा मायलारची (हे पीव्हीसी नसलेलं पारदर्शक प्लास्टिक) खिडकी असलेली पुठ्ठ्याची चौकोनी होल्डरं. स्टेपलर मारलंत तर पिनांची टोकं पक्कडीनं सपाट करा, नाहीतर शेजारच्या नाण्याला ओरखडा पडतो. रबरबँड, वर्तमानपत्र आणि लोकरीचं कापड जवळ नको, तिघांतही गंधक असतं. लाकडी पेटीपेक्षा लोखंडी कपाट बरं. पावसाळ्यात सिलिका जेल बदलत राहा.

जाणकार कुठे मिळेल? नाशिकजवळ अंजनेरीला भारतीय नाणेशास्त्र संशोधन संस्था आहे, तिथे नाण्यांचं संग्रहालयही आहे. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं संवर्धन केंद्र आहे. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाकडे मोठा नाणेसंग्रह आहे. आधी फोटो आणि वजनं पाठवून विचारा. साठ नाणी घेऊन एसटीत बसायची गरज नाही.

राहिल्या त्या दोन गुलाबी शिवराया. त्यांना पुन्हा काळं करण्यासाठी गंधक, अंड्याचा बलक असले उपाय कुणी सुचवेल, ते करू नका. तो रंग खोटा दिसतो आणि नाणं दुसऱ्यांदा बिघडतं. डिस्टिल्ड पाण्यात दोन-तीनदा बुडवून लिंबाचा अंश घालवा, पूर्ण वाळवा आणि कागदाच्या पाकिटात ठेवा. काही वर्षांत त्या आपोआप तपकिरी होतील. ओरखडे राहतील. पाकिटावर पुतण्याकडून त्याच्याच अक्षरात "घासलेली" असं लिहून घ्या, म्हणजे उद्या कुणी विकत घ्यायला आलं तर विचारायच्या आधीच तुम्हाला ते सांगता येईल.